बेटावरची पाहुणी आणि आमचा हापसा

मी वडीगोद्रीजवळच्या एका गावात शाळेवर इंग्रजी शिकवायचे, हाच काय तो माझा गुन्हा. नाहीतर देशाच्या परराष्ट्र धोरणात मला कुणी ओढलं असतं? नव्वदनंतरची गोष्ट. ऐन मे महिन्यात मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, तर जवळच्या साखर कारखान्याची जीप दारात. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, चेअरमन साहेबांनी जल्दी बोलावलंय. फॉरेनचे पाव्हणे आलेत अन् त्यांचं बोलणं कुणाला कळून न्हाई राह्यलं."

पाहुणे तीन होते. दोन पुरुष आणि एक बाई, तिघंही समुद्रातल्या एका इवल्याशा बेटांच्या देशाचे सरकारी नोकर. तो देश मी शाळेच्या नकाशावर शोधला. ठिपके सापडले, पण त्यातला देश कोणता आणि माशीनं केलेली घाण कोणती, ते कळेना. आपल्या सरकारनं त्यांना मैत्रीखातर फुकट प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय साखर उद्योग! आता कारखान्याचा पट्टा होळीच्या आधीच पडला होता. गाळप बंद, तोडणीवाले आपापल्या गावी, मशिनी उघड्या करून ठेवलेल्या. आणि पाहुण्यांच्या देशात ऊस म्हणाल तर एक कांडकं नाही.

"मग साखरेला कशाला आलात?" मी त्या बाईंना विचारलं. चाळिशीच्या, धिप्पाड, हसऱ्या बाई. त्यांच्या देशाच्या पाणी खात्यात होत्या. म्हणाल्या, "तुमच्याकडून तीन जागा आल्या. पाण्याच्या जागा दुसऱ्या देशाला गेल्या होत्या, साखरेच्या उरल्या. मोठ्या देशाला नाही कसं म्हणायचं?"

मला हसूच फुटलं. आमच्या चुलतसासऱ्यांच्या वाड्यातून नको असलेले भोपळे यायचे, ते आम्ही अशीच मान डोलवून घ्यायचो.

मग सत्कार सुरू झाले. कारखान्यानं केला, दूध संघानं केला, पतसंस्थेनं केला, आमच्या शाळेनं तरी का मागं राहावं? दरवेळी शाल आणि नारळ. अंगावर कांबळ्याएवढी जाड शाल, डोक्यावर फेटा आणि बाहेर उन्हानं डांबर वितळतंय! बिचारे घामानं निथळत हात जोडून उभे. आणि नारळ कुणाला, तर ज्यांच्या गावात नारळ डोक्यात पडू नये म्हणून वर बघत चालावं लागतं त्यांना. गेस्टहाऊसच्या पलंगाखाली नुसता ढीग. दोघं पुरुष कूलरपुढून हलेनात. दिल्लीहून सोबत आलेला साहेब मात्र खूश होता, कारण कार्यक्रम कागदाबरहुकूम चालला होता.

एके दिवशी बाईंना मी घरी चहाला आणलं. जीपमधून उतरल्या आणि घरात यायचं सोडून आमच्या गल्लीतल्या हापशाकडं धावल्या. त्याच्या दांड्यावरून हात फिरवला, गळ्यात पडायच्याच बाकी राहिल्या.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, उंबऱ्यातून ओरडल्या, "आगं, काय झालं तिला? ऊन लागलं का?"

ऊन नव्हतं लागलं. बाईंच्या बेटावर अगदी असाच हापसा होता, आपल्याच देशानं मदत म्हणून दिलेला. मोठ्या थाटात हार घालून, फोटो काढून सुरू केला. चोहीकडं समुद्र, पण प्यायला गोडं पाणी तेवढंच. वर्षभर चालला आणि आतले वॉशर झिजले. तेव्हापासून मुका. तिथं तो उघडायला कुणाला येत नाही, वॉशर कुठल्या दुकानात मिळत नाहीत. बायका होडीत बसून दुसऱ्या बेटावरून पाणी आणतात. वॉशर पाठवा म्हणून आपल्या साहेबलोकांना लिहिलं, तर उत्तरादाखल नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. हापशांच्या देशात निदान एक हापसा उघडलेला बघायला मिळेल, या एका आशेवर बाईंनी साखर पत्करली होती.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "आन् आमचा तरी कुठं चालू हाय म्हन तिला!"

खरंच नव्हता. आमचाही हापसा वॉशरवाचूनच बंद पडला होता. तालुक्याचा मिस्तरी नवे वॉशर आत्याबाईंच्या हवाली करून "उद्या येतो" म्हणून गेल्ता, तो गेल्ताच. वॉशर पोह्यांच्या डब्यात आणि आम्ही मळ्यातल्या विहिरीवर.

मी दिल्लीच्या साहेबाला गाठलं. म्हटलं, बाईंना हापसा उघडलेला दाखवू या. तो म्हणाला, "कार्यक्रमात नाही." वॉशर? "त्यांच्या सरकारनं रीतसर मागणी करावी." असा संताप आला! दुसऱ्या दिवशी बंद कारखान्याचं दर्शन होतं. मी साहेबाला सांगितलं, बाईंचं पोट बिघडलंय, आणि जीप शेजारच्या गावाला नेली. तिथं आमचाच तो मिस्तरी हापसा उघडून बसला होता; आमच्याकडं कधी, म्हणून विचारलं तर पुन्हा "उद्या"च म्हणाला.

बाईंनी पदर खोचावा तसा झगा खोचला. नळ ओढले, कोपरापर्यंत ग्रीस, तोंडावर काळे पट्टे. संध्याकाळपर्यंत वॉशर काढणं-बसवणं त्यांच्या हातात बसलं. मिस्तरी बिडी ओढत म्हणाला, "बाई, तुम्ही इथंच ऱ्हावा, मला रजा तरी मिळंल." परतताना मात्र त्या तोंडावरचे पट्टे पुसत म्हणाल्या, हात शिकले, पण वॉशर कुठून आणणार?

घरी आत्याबाईंनी मला विचारलं, "का गं, आपलं सरकार यांना एवढं का देतं?"

मी समजावलं. जगाची एक मोठी पंचायत आहे. तिथं त्यांच्या ठिपक्यालाही एक मत आणि आपल्यालाही एकच.

"असं व्हय! मंग ताकाला जाऊन गाडगं कशाला लपवायचं? मत पायजे म्हनावं सरळ. आन् द्यायचं तर लागतं ते द्यावं."

निघायच्या दिवशी बाई निरोप घ्यायला आल्या. दिल्लीचा साहेब घड्याळ बघत जीपपाशी उभा. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. लेकीबाळीला रिकामं कसं धाडायचं, ओटी भरू! पण सवाशीण आहे का? मी विचारलं. नवरा मासेमारीच्या बोटीवर असतो म्हणाल्या.

"जिता हाय ना पर?" आत्याबाईंनी मला विचारायला लावलं.

"निघताना तर भांडत होता."

"मंग सवाशीणच, बिलकुल!"

पाटावर बसवलं. हळदीकुंकू, खण, गहू, सुपारी. नारळाला आत्याबाईंनीच हात आडवा केला, "नगं, तिला त्याचं काय कवतिक?" आणि ओटीत एक कागदाची पुडी ठेवली. पोह्यांचा वास आला आणि माझ्या तोंडून निघालंच.

"आत्याबाई, आपला हापसा!"

"गप. ओटी भरताना मधी बोलू न्हाई."

बाईंनी पुडी उघडली. आमच्या हापशाचे कोरे करकरीत वॉशर. त्या आत्याबाईंच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या. साहेबानं मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "धार्मिक वस्तू."

जीप गेली आणि मी विहिरीचा रस्ता धरला. रोज येता-जाता पुटपुटायचे. दान करायला काय जातंय, घागरी कुणाला वाहाव्या लागतात! आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मिस्तरी उगवला मृगाच्या तोंडावर. पाने-साखळ्या ओट्यावर टाकून म्हणाला, "काकू, वॉशर आणा."

"न्हाईत. त्या समिंदरावरच्या बाईला दिले."

मिस्तरी खवळला. "अहो, तुमच्यापशी भरवशानं ठेवून गेल्तो! आता नवे यायला दिवाळी उजाडंल. तवर पाणी काय आभाळातून पिणार?"

मी नुकतीच विहिरीवरून आले होते. म्हटलं, बरं झालं, कुणीतरी बोललं एकदाचं.

आत्याबाई निवडत होत्या त्या तांदळावरून नजरही न उचलता म्हणाल्या, "आरं, आमच्या हापशाला तू हायेस. उशिरा का व्हईना, आलास. तिच्याकडं कोन येनार हाय?"

मिस्तरी पाने गोळा करायला लागला. एवढा राग होता माझ्या मनात, तरी त्या क्षणी आत्याबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कमरेवर भरली घागर होती.