पहिला नंबर कुणाचा

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि सांगलीच्या एका छोट्या कंपनीत मी स्वतःला लय मोठा इंजिनिअर समजत होतो. आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मीच एकमेकांना जोडले होते. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता लागतो, चार आकड्यांचा. आम्ही त्यातला फक्त शेवटचा आकडा बदलायचो. त्यातला पहिला, म्हणजे एक नंबर, मी माझ्या लॅपटॉपला घेतला. मालकांना चार दिला. माझी सत्ता तेवढ्यापुरतीच होती.

मग फलटणजवळच्या एका साखर कारखान्यात नवीन कंट्रोल पॅनेलना पत्ते द्यायला मला पाठवलं. यादी करायला बसलो तर चीफ इंजिनिअर म्हणाले, "एक नंबर मिलला द्या. पहिला मान मिलचा, मग बॉयलर, मग बाकीचे." पूजेचे नारळसुद्धा तिथं त्याच क्रमानं फुटत. मी यादी तशीच केली.

दुसऱ्या दिवसापासून भानगड सुरू झाली. तपासायला मी लॅपटॉप जोडला की कंट्रोल रूमच्या पडद्यावरचे मिलचे आकडे थिजायचे. मी तो काढून चहाला गेलो की सगळं सुरळीत. गळीत आठवड्यावर आलेलं. चीफनी विचारलं, तेव्हा मी कपाळाला आठ्या घालून सांगितलं, "केबलचं काम कच्चं आहे."

केबल ओढली होती एका वायरमननं. फौजेतून निवृत्त होऊन आलेला, दोन हंगाम हंगामी, यंदा कायम होणार होता. चीफ त्याच्यासमोरच म्हणाले, "असं असेल तर याला कायम कशाला करायचं?" अख्खी केबल उपसून त्यानं पुन्हा ओढली. मी शेजारी खुर्ची टाकून सूचना देत होतो.

आकडे तरीही थिजले. तो उकिडवा बसून माझ्याकडं बघत राहिला.

"सायेब, राग मानू नका. तुमी जोडलं की बंद पडतंय, तुमी काढलं की चालतंय. तुमच्या ह्या पेटीचा नंबर काय हाय?"

"त्याचा काय संबंध?"

"फौजेत आमी वायरलेसवर हुतो. दोगांनी एकच नंबर लावला की निरोप भलत्याकडंच जायाचा."

"तसं नसतं ते," मी म्हणालो. मग त्याची पाठ वळल्यावर हळूच बघितलं. एक. मिलचाही एकच.

लॅपटॉपचा नंबर मी गुपचूप बदलला, आणि आकडे पळायला लागले. चीफ आले. "काय होतं?" मी इंग्रजीत काहीतरी लांबलचक पुटपुटलो. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. माझं निभावलं होतं.

"म्हंजी केबल चांगली हाय न्हवं, सायेब?" वायरमननं विचारलं. चीफकडं नाही, माझ्याकडं बघून.

"केबल चांगली आहे," मी म्हणालो. "पहिलीसुद्धा चांगलीच होती. नंबर देताना मी चुकलो."

चीफ वायरमनकडं वळून म्हणाले, "तुझा कायमचा कागद उद्या पाठवतो वर."

तो पक्कड-पेचकस पिशवीत भरून निघाला. खरं सांगायचं तर मी वाट बघत होतो, की जाताना तो माझ्या खरेपणाबद्दल दोन बरे शब्द बोलेल. त्याच्या दोन्ही तळव्यांना केबल ओढून फोड आले होते, हे मला तेव्हा कुठं दिसलं.