राखून ठेवलेला घाव

त्याला सगळे घण म्हणायचे. आईवडिलांनी मोठ्या हौसेनं एक नावही ठेवलं होतं म्हणे, पण त्यांची हौस तिथेच संपली. बाप दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचा आणि घरी आला की समोर सापडेल त्याला बडवायचा. पोरानं एक गोष्ट नीट पाहून ठेवली होती. बाप कसाही मारत नसे. आईचा एक खांदा दुखरा आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि हात बरोबर तिथेच पडायचा. इतर मुलं पाढे शिकतात त्या वयात घण शिकला, की कुठल्याही गोष्टीला एक दुखरी जागा असते.

पुढे त्यानं त्याचाच धंदा केला. कारखानदारांची आपसात जुंपली की एकाची सुपारी घ्यायची आणि दुसऱ्याचा कारखाना बंद पाडून यायचं. सोबतीला मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले. बाकीची टोळकी काचा फोडत, आरडाओरडा करत. हे दोघे गुपचूप आत शिरत, घण एकच घाव घाले, आणि कारखान्याचं कंबरडं मोडे. मध्ये कोणी आलं तर त्यालाही तसाच एक. एका पहारेकऱ्याचा गुडघा त्यानं असा फोडला, की तो माणूस पुन्हा कधी जिना चढला नाही. हे सांगताना त्या काळी त्याला हसू यायचं, आणि ऐकणारेही हसायचे. उस्तादानं दोघांना एक नियम घालून दिला होता. सगळं कधी कोणाला सांगायचं नाही, धन्यालासुद्धा नाही. एक घाव आपल्यापाशी राखून ठेवायचा, कारण सगळं सांगून बसलेल्या माणसाला धनी दुसऱ्या दिवशी हाकलतो.

शेवटी तो एका पंपघरात पकडला गेला. तुरुंगात असतानाच बायको गेली. लेक भेटायला फिरकली नाही. भेटायला आल्या त्या एक अनोळखी बाई. त्या इंजिनियर होत्या, आणि फोडलेलं पंपघर त्यांनीच आखलेलं होतं. घणाला वाटलं, आता चार शिव्या खायच्या. पण बाईंनी पिशवीतून नकाशा काढून गुडघ्यावर पसरला आणि विचारलं, तिथे एवढी यंत्रं असताना नेमकं त्या एका वॉशरवरच का मारलंत? घणाच्या कामाची अशी कदर आजवर कोणी केली नव्हती. तो गजांमागून तासभर बोलला.

सुटल्यावर बाईंनी त्याला कामाला घेतलं. त्यांचं काम कारखान्यांची सोयरीक जुळवायचं. कागद गिरणीच्या बॉयलरची उरलेली वाफ दूधभुकटीच्या कारखान्याला आणि लाँड्रीला, बॉयलरची राख विटा पाडणाऱ्याला, दूधभुकटीवाल्याचं कोमट पाणी रोपवाटिकेला. एकानं टाकलेलं दुसऱ्यानं वापरायचं. ऐकायला फार गोड, पण बाईंना त्यातली मेख ठाऊक होती. सगळे एकमेकांत अडकले, की एक पडला तर साखळीनं सगळेच पडणार. म्हणून जोडणी बांधण्याआधी आणि बांधल्यावरही त्या मोठा कागद टेबलावर पसरायच्या, कारखान्यांचे चौकोन आणि पाइपांच्या रेघा काढायच्या आणि घणाच्या हातात चहाचा चमचा द्यायच्या. मग विचारायच्या, “कुठे माराल, घणराव?”

घण चमचा आपटायचा. त्या घावानं किती कारखाने बसतात ते बाई मोजायच्या. एकाहून जास्त बसले की आखणी नापास. मग कुठे दुसरी वाट काढायची, कुठे साठ्याची टाकी, कुठे जुना बॉयलर गरम ठेवायचा. पुष्कळदा तो चमचा उचलायच्या आतच बाई म्हणत, ते मी आधीच झाकलंय, पुढचं बोला. घण चिडायचा. एकदा कपच भिंतीवर फेकून मारला त्यानं. पण त्याचे हात शिवशिवायचे ते इथे शांत व्हायचे, आणि लोकांची हाडं शाबूत राहायची.

लेक त्याच लाँड्रीत कामाला होती. तिनं त्याला घरात घेतलं ते एका अटीवर: पुन्हा काही फोडलंत, कोणावर हात उगारलात, तर माझा बाप मेला असं समजेन. तिच्या हातची भाकरी आणि तिच्या तोंडची ‘बाबा’ ही हाक, एवढंच घणापाशी आता उरलं होतं. ते जाऊ नये म्हणून तो देवालाही न घाबरणारा माणूस तिच्या चपलांच्या आवाजाला घाबरायचा.

आणि तरीही त्यानं एक घाव राखून ठेवला. मुद्दाम कट केला असं नाही. उस्तादाची सवय हाडीमासी मुरलेली. लाँड्रीकडे जाणारा वाफेचा पाइप रस्त्याखालून जाताना खोलगट वाकायचा. पाइप थंड झाला की आतल्या वाफेचं पाणी होऊन तिथे साचे, ते गळून जावं म्हणून तळाशी, रस्त्यालगतच्या खड्ड्यात, बोटभर कॉक, म्हणजे छोटी तोटी, कायम उघडी. तो बंद करून वाफ सोडली, तर साचलेलं पाणी वाफेपुढे सुसाट धावतं आणि पहिल्या वळणावर असं आदळतं की लोखंड फाटतं. पाणी साचतं हे बाई जाणून होत्या, म्हणून तर कॉक होता. पण तो बंद करायला कोणी खड्ड्यात उतरेल, हे सांगणं घणाचं काम. तो पहिल्या दिवसापासून मूग गिळून बसला होता. पहिलं वळण लाँड्रीच्या भिंतीशी आहे हेही त्याला दिसत होतं. पण सुट्टीनंतर वाफ पहाटे, कामगार यायच्या आधी सोडतात, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

या जोडणीनं कोळशाच्या ठेकेदाराच्या पोटावर पाय आला. लाँड्रीनं आणि दूधभुकटीवाल्यानं आपापले बॉयलर बंद केले होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी लेक बाजारात गेलेली असताना मेहुणा ठेकेदाराची सुपारी घेऊन घरी आला. आधी नीट बसला, पाणी प्यायला. मग त्यानं विचारलं, कुठे मारायचं? घणानं एक जागा सांगितली, जी बाईंनी केव्हाच पक्की केली होती.

मेहुण्यानं तांब्या उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात जिभेवर आले. घण उठला, त्याची मूठ वळली, आणि लेकीची अट आठवून तिथेच थांबला. मेहुण्यानं ते पाहिलं आणि मग त्याला रानच मोकळं मिळालं. पोटात लाथ, बरगडीत लाथ, केसांना धरून ओट्याच्या कडेवर डोकं. घणाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी मेहुण्यानं त्याचा उजवा पंजा दाराच्या बिजागरीकडच्या फटीत धरला आणि दार लावलं. बोटं मोडल्याचा आवाज दोघांनीही ओळखला. असे आवाज त्यांनी मिळून पुष्कळ काढले होते.

“दाजी, बाईंना सांगितलेलं मला नको,” मेहुणा धापा टाकत म्हणाला. “राखून ठेवलेलं सांगा. नाहीतर मी इथेच बसतो, भाची येईपर्यंत.”

घणानं कॉकची जागा सांगितली.

मेहुणा गेला. घणाच्या खिशात फोन होता. बाईंना एक फोन केला असता तर वाफ सोडणंच थांबलं असतं. पण मग ही जागा आजवर का सांगितली नाहीत, असं बाईंनी विचारलं असतं, आणि ते लेकीच्या कानी गेलं असतं. पहाटे जाऊन आपणच कॉक उघडू, कोणाला कळायचंही नाही, असा हिशेब त्यानं केला. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखरी जागा शोधणाऱ्याला स्वतःची दिसली नाही. लेक परतल्यावर त्यानं हात दारात सापडला म्हणून सांगितलं. तिनं तोंडावरची सूज पाहिली आणि रात्रभर कानोसा घेत राहिली.

पहाटे तो खड्ड्यात उतरला. कॉक बंद होता आणि मेहुण्यानं त्याची मूठ तोडून नेली होती. उरलेला गुळगुळीत खुंट उजव्या हाताला धरवेना, डाव्या हातातला पाना त्यावरून सटकत राहिला. पाइपाला मारत, शिव्या घालत, रडत तो झटत होता. वर रस्त्यावर चपलांचा आवाज आला. त्यानं मान वर केली तर लेक उभी. ती त्याच्या मागे मागे आली होती. पाना, पाइप आणि बाप एवढंच तिला दिसलं, आणि तिला जे वाटायचं तेच वाटलं.

ती पळाली. लाँड्री वाचवायला पळाली. भिंतीशी असलेला मोठा व्हॉल्व्ह बंद केला तर आत काही फुटणार नाही, हे तिला माहीत होतं. घण ओरडला, “तिथे जाऊ नकोस,” पण ज्याच्यापासून पळायचं त्याचंच कोण ऐकतं? तिनं चाक पुरतं फिरवलं आणि तेवढ्यात गिरणीतून वाफ सुटली. पाइपात दूरवरून धडधड येत गेली, घणाच्या डोक्यावरून पुढे गेली, आणि भिंतीशी लोखंड फाटलं. किंकाळी वाफेच्या आवाजात अर्धवटच ऐकू आली. तो पांढऱ्या वाफेत शिरला आणि तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा तिच्या बाहीबरोबर दंडाची कातडीही निघाली.

ती वाचली. डावा हात, मान आणि अर्धा गाल भाजून निघाला. मेहुण्याला पोलिसांनी कोळशाच्या वखारीतून उचललं. त्याआधी घण तिथे डाव्या हातात हातोडी घेऊन दोनदा जाऊन आला होता, आणि दोन्ही वेळा फाटकातून परतला होता.

इस्पितळात, बोलता येऊ लागल्यावर लेक पहिलं वाक्य बोलली ते असं: “मला वाटलं, तुम्हीच फोडताय.”

घण नाही म्हणू शकला असता. ते खरंही होतं. बाई शेजारी उभ्या होत्या.

“ती जागा मला माहीत होती,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. मी सांगितली नाही.”

लेकीनं चांगला हात उचलला आणि होती नव्हती ती ताकद लावून त्याच्या तोंडात मारली. जिथे दात पडले होते नेमकी तिथे. हात खाली पडला तसा तिनं पुन्हा उचलला, पुन्हा मारलं. त्यानं तोंड बाजूला केलं नाही. नर्स धावली, तिला बाईंनी अडवलं. बऱ्याच वेळानं बाई घणाला म्हणाल्या, की सगळे पाइप मी दुहेरी केले आणि विचारलं मात्र एकट्या तुम्हालाच. ती चूक माझी.

आता टेबलापाशी दोन खुर्च्या असतात. लेक लाँड्रीत परत गेली नाही. गरम पाइपाची धडधड तिला आता ऐकवत नाही. बाईंनी तिला या कामावर घेतलं, आणि ती आली. घण दुसरीकडे खोली घेऊन राहतो. रोज सकाळी तो चमचा आपटतो, एकेक जागा सांगतो, आणि थांबला की ती ताणल्या गालानं त्याच्याकडे बघत म्हणते, “आणखी?”

तो नाही म्हणतो. ती बघतच राहते. मग तो पुन्हा कागदावर वाकतो, आणि बहुतेक वेळा आणखी एक सापडते.

बाबा म्हणून ती त्याला हाक मारत नाही. ‘आणखी’ एवढंच म्हणते, आणि तेवढं ऐकायला तो सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो.