शेवटचं अक्षर आधी

घाऊक भाजीबाजाराच्या मागच्या फाटकावर एक लांब लोखंडी दांडा आडवा असायचा. त्याच्या आखूड टोकाला एक दगड आणि एक दोरी. दोरी शेजारच्या, पहारा द्यायच्या पत्र्याच्या खोक्याच्या छतातून आत लोंबायची. ओढली की दांडा वर, सोडली की खाली. ही दोरी ओढणाऱ्या बाईला अख्खा बाजार फाटकमावशी म्हणायचा. अंगानं आडवी, आवाजानं खणखणीत, आणि उजवा दंड असा की ड्रायव्हर लोक हुज्जत घालायच्या आधी एकदा त्याच्याकडे बघून घ्यायचे.

घरी मात्र तिचं नाव वेगळं होतं. अर्धी. ते माहेराहून सोबत आलेलं. सातवीत शाळा सुटली, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. पुढे शिवणकाम शिकायला लागली, तर एक बाही लागली आणि लग्न ठरलं. सासरी आल्यावर स्वेटर विणायला घेतला. तो गळ्यापर्यंत आला आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. "हिचं मेलीचं सगळं अर्ध्यावर," आई म्हणायची. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. हाताचा नाजूक, जिभेचा तिखट. तो म्हणायचा, "अर्धांगिनी मागितली होती, देणाऱ्यांनी शब्द अगदी तंतोतंत पाळला." ती हसायची. पण ते हसणं घशाखाली उतरताना कुसळासारखं टोचायचं.

माउथ ऑर्गन मिळाला तो मुलाच्या जुन्या पेटीत. पोरगं नोकरीला परगावी गेलं, पेटी मोकळी करावी म्हणून ती बसली, तर मोज्यांच्या खाली हा बाजा. शाळेत असताना त्यानं रडून ओरडून घ्यायला लावला होता आणि आठवडाभर फुंकून टाकून दिला होता. मावशीनं तो पदराला पुसला, इकडेतिकडे बघितलं, आणि फुंकला. असा काही आवाज निघाला की बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडला, "अगं, दूध उतू गेलं का मांजर चिरडलं?"

"दोन्ही नाही," ती म्हणाली. "मी आहे."

आणि परत फुंकला.

बाजारात पहाटेची झुंबड ओसरली की फाटकावर गाड्या तुरळक होतात. एक जाते, मग दुसरी येईपर्यंत मधे रिकामा वेळ. कधी चहा गार होईल एवढा, कधी नुसता जांभई देण्याएवढा. इतकी वर्षं मावशी त्या वेळात माश्या मारायची. आता ती बाजा काढायला लागली. डाव्या हातात बाजा, उजवा हात मोकळा, कान रस्त्याकडे. हॉर्न वाजला की हात आपसूक डोक्यावर जायचा, दोरी मुठीत यायची, दांडा वर. गाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

समोरच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी माउथ ऑर्गनचा वर्ग निघाला, तेव्हा तिनं नाव घातलं. शिकवायला बँडमधून निवृत्त झालेले मास्तर. दात गेले तसा त्यांचा कर्णा गेला, पण कान शाबूत होते. बाकं दुसरीतल्या पोरांची. मावशीचे गुडघे आत मावेनात, म्हणून ती आडवी बसायची. शेजारी एक नर्सबाई, पलीकडे कापड दुकानातला हिशेबनीस, मागे आणखी पाचसहा जण, सगळे दिवसभराच्या कामानं पिळून निघालेले. पण बाजा तोंडाला लागला की प्रत्येकाच्या तोंडावर तोच भाव यायचा: कुणी बघत नाही ना?

मास्तरांनी त्यांना स्वतः बसवलेली एक चाल शिकवली. संथ सुरू होणारी, मधे गिरकी घेणारी, आणि शेवटी उतरत उतरत एका लांब सुरावर टेकणारी. मावशीनं ती उचलली. वर्गात सगळे एकदम वाजवायचे, पण सुरुवातीचे सूर तिचेच उठून दिसायचे. घासलेल्या पितळेसारखे.

फाटकावरही तीच चाल. कोबीची गाडी आणणारा ड्रायव्हर एकदा दांड्याखाली थांबून म्हणाला, "मावशी, कित्येक महिने ऐकतोय. एवढं मस्त चढवत नेता, आणि मी आलो की बंद. पुढं काय होतं हो त्याचं?"

"पुढं तू येतोस," मावशी म्हणाली. "हल आता, मागे रांग लागली."

वर्षाअखेरीस वर्गाचा कार्यक्रम ठरला. मास्तर म्हणाले, "आधी चाल एकट्यानं पूर्ण वाजवायची. मग सगळ्यांनी मिळून. एकटं कोण वाजवणार? फाटकबाई."

मावशीचे कान लाल झाले. ती उभी राहिली, बाजा लावला. पहिले सूर निघाले तसा वर्ग चिडीचूप झाला. संथ भाग झाला, गिरकीही निम्मी झाली. आणि कुणी काही न बोलता, कुठे काही न वाजता, मावशीचा उजवा हात वर गेला, मूठ वळली, हवेतून काहीतरी खाली खेचलं गेलं. सूर बंद.

"थांबलात का?" मास्तर म्हणाले.

"गाडी..." तिच्या तोंडून निघून गेलं.

"दुसऱ्या मजल्यावर?"

वर्ग हसत सुटला. मावशीही हसली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच जागी हात वर. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. तेव्हा तिचं तिलाच कळलं. दर गाडीनंतर ती पहिल्यापासून सुरू करत आली होती. सुरुवात घोटून घोटून गुळगुळीत झालेली, गिरकीच्या पुढे मात्र ती क्वचितच पोचलेली. वर्गात शेवट यायचा तेव्हा इतरांच्या आवाजात तिची उणीव झाकून जायची.

मास्तर वाईट नव्हते, पण आयुष्यभर बँड चालवलेला माणूस. "पुढच्या शनिवारी पुन्हा ऐकतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर नर्सबाई वाजवतील. त्यांची सुरुवात तुमच्याइतकी गोड नाही. पण मला मुक्कामाला पोचणारा माणूस पाहिजे."

घरी येऊन तिनं बाजा फडक्यात गुंडाळला आणि पेटीत मोज्यांखाली ठेवला. नवरा दारात बसून एका पत्र्याला पांढरा हात मारत होता.

"आज बाजाला सुट्टी?"

"कायमची."

"का? फुप्फुसं संपली?"

"अहो, गप्प बसा जरा. तुमचंच खरं झालं. अर्धी ती अर्धीच." आणि उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं. हवेतली दोरी, हसणारा वर्ग, शनिवार, नर्सबाई.

जिभेवर आलेलं काहीतरी नवऱ्यानं गिळलं, हे तिला स्पष्ट दिसलं. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. त्यानं ब्रश रॉकेलात बुडवला, हात पुसले, खडू घेतला.

"इकडे बस. मी नवीन होतो तेव्हा एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवली. डावीकडून सुरू केली, अक्षरं अशी ऐसपैस, डौलदार. 'चप्पल' झालं आणि जागाच संपली. 'दुकान' कोपऱ्यात मुंग्यांसारखं. मालक म्हणाला, माझं दुकान लहान आहे रे, पण एवढं नाही." त्यानं शेजारच्या वाळलेल्या निळ्या पत्र्याच्या अगदी उजव्या कडेला खडूनं एक अक्षर काढलं. "तेव्हापासून मी शेवटचं अक्षर आधी मांडतो. मग त्याच्या आधीचं. असा मागे मागे येत सुरुवातीला पोचतो. पाटी कधी अपुरी पडत नाही."

मावशीनं खडूच्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"म्हणजे शेवटचा तुकडा आधी?"

"गाडी तर येणारच. येऊ दे. तुझा शेवट झालेला असेल."

"आणि हे इतकी वर्षं पोटात ठेवलंत?"

"पाटीचा आणि बाजाचा संबंध मला काय माहीत! आणि तू कधी रडत घरी आली होतीस?"

"मी रडत नाहीये."

"बरं. मग रॉकेल डोळ्यात गेलं असेल. जा, बाजा काढ."

दुसऱ्या दिवशी फाटकावर तिनं फक्त शेवटचा लांब सूर घेतला. हॉर्न, दोरी, गाडी गेली, पुन्हा तोच सूर. मग त्याच्या आधीची उतरण आणि तो सूर. मग त्याच्याही आधीचं. जिथून कुठून सुरू करावं, मुक्काम ठरलेला. पाय जसे अंधारातही घराकडे वळतात तसे ओठ आणि श्वास तिकडे वळायला लागले. कोबीवाला वैतागून म्हणाला, "मावशी, हल्ली नुसतं संपतच असतं! सुरू कधी करता?"

"कार्यक्रमाला ये. सगळं सापडेल."

शनिवारी मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. गिरकीच्या जागी तिचा हात खांद्यापर्यंत उठला, पण चाल पुढे गेली. एक सूर चुकला. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत, नुसती मान डोलावली, आणि ती बसताच नर्सबाईंनी बाकाखालून तिला चिमटा काढला.

कार्यक्रमाला शाळेचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. नवरा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, नखांत निळा रंग तसाच. कोबीवाला मागे भिंतीला टेकून. मावशी पुढे आली. संथ भाग गेला. गिरकी सुरू झाली, आणि नेमका तेव्हाच खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबला. खराखुरा, लांबलचक.

हात वर गेला. मूठ वळली, हवेतली दोरी खस्सकन खाली आली. मागून कोबीवाल्याचं हसू फुटलं, आणि तिसऱ्या रांगेत नवऱ्यानं गुडघे घट्ट धरले.

पण डाव्या हातातला बाजा ओठांवरच होता. चाल थांबली नव्हती. उजव्या हातानं दांडा वर केला होता आणि मावशी त्याखालून स्वतःच पुढे निघाली होती, गिरकीतून बाहेर, उतरणीवर, सावकाश, एकेक पायरी ओळखीची. शेवटचा सूर आला. तो तिनं धरला आणि छातीत होती नव्हती ती सगळी हवा संपेपर्यंत सोडला नाही.

घरी जाताना नवरा म्हणाला, "शेवटचा सूर जरा जास्तच लांबवलास."

"जागा होती," ती म्हणाली.