आठ दिवस गळ्याला कुलूप

ऊर्जानगरच्या आमच्या वसाहतीत कुणी गेलं की मला बोलावणं यायचं. मयताच्या घरी भजन म्हणायचं, तेही स्वतः रचलेलं, हा माझा तीस वर्षांचा नेम.

मातीचे मडके, मातीत मिळाले
डोळे का भरले, वेड्या तुझे

ऐकून घरची माणसं जराशी सावरायची, आणि मला वाटायचं, आपल्याला मरण कळलंय.

गेल्या हिवाळ्यात आवाज बसला तो उठेचना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी स्वरतंतूवरची गाठ काढून तपासणीला पाठवली. रिपोर्ट आठ दिवसांनी, तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण मी तोच घेऊन घरी आलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पांडुरंगासमोर बसलो की माझीच भजनं मला टोचायची. मला जगायचं होतं, गायचं होतं, आणि इतका जीव अडकलाय याची लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी गळा दाखवायला गेलो. शेजारच्या बाकावर एटापल्लीकडची वाटावी अशी एक म्हातारी आजारी नवऱ्याचे केस विंचरत गोंडीत काहीतरी गुणगुणत होती. मी रडतोय हे मला तिच्या विचारण्यावरूनच कळलं.

"काऊन रडून राह्यले भाऊ?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं. मग हातानंच विचारलं, गाण्यात काय आहे?

"काई नाई जी. कोंबडं आरवलं, भात शिजला, बुढा उठून बसला. देवाले सांगून राह्यली." फणीत अडकलेले केस काढत ती म्हणाली, "मांगाचं ते मांगून झालं. आता जे हाये ते सांगते त्याले."

तेवढ्यात माझा नंबर लागला. बाहेर आलो तेव्हा दोघंही तिथं नव्हते. ती कोण, कुठल्या गावची, मला आजही ठाऊक नाही. माझ्या पांडुरंगाची आणि तिच्या देवाची ओळख असावी, एवढंच मी म्हणेन.

घरी आलो तर बायको अंगणात तुळशीची पानं पुसत होती. आमच्याकडे वीजकेंद्राच्या चिमणीची राख सगळ्यावर बसते, ती रोजच पुसावी लागते. इतकी वर्षं मी ते पाहिलंच नव्हतं. वही घेतली.

तुळशीची पाने, राखेने माखली
तिने ती पुसली, पदराने
चहाला उकळी, दारी दूधवाला
एवढेच मला, दे रे देवा

पुन्हा मागणं आलंच शेवटी! माझा स्वभाव काही जात नाही. भीतीही गेली नाही, पण त्या दिवशी पोटभर जेवलो. रिपोर्ट काय यायचा तो येवो, आजचा दिवस तर त्यानं दिला होता.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ साधी होती. डॉक्टर म्हणाले, "आता बोला हळूहळू." पण मी ओठ मिटूनच घरी आलो. पहिला सूर देवाचा, म्हणून हातपाय धुऊन देवापुढे बसलो आणि नवा अभंग म्हणायला तोंड उघडणार, तोच बायकोनं खांद्यावर हात ठेवला.

"देवाले मंग. आधी मले हाक मारा. आठ दिवस झाले, घर खायले उठते."

मी तिला नावानं हाक मारली. आवाज फाटका निघाला. ती अगदी शेजारीच उभी होती, तरी म्हणाली, "आली जी," आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. समोर पांडुरंग होता. त्यानं ऐकलं असणार, म्हणून त्या दिवशी अभंग म्हटलाच नाही, नुसते हात जोडले.