सात पिढ्यांची चाकरी

मी आयुष्यात एक वर्ष कंत्राटदार होतो. त्याचा अर्थ मला वर्ष संपल्यावर कळला.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. हावड्याच्या एका छोट्या कारखान्यात मी यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचो. कर कापून उरलेला पगार हातात पडायचा, त्यामुळे कर या विषयाशी माझा कधी संबंध आला नव्हता. एके दिवशी मालक घोषबाबूंनी मला बसायला खुर्ची दिली (संशय तिथेच यायला हवा होता) आणि म्हणाले, "सबनीसबाबू, आजपासून तुम्ही नोकर नाही, कंत्राटदार! कापाकापी बंद. पुरे पैसे."

मी सही ठोकली आणि घरी येताना संदेश मिठाईचा पुडा आणला.

"कापाकापी बंद, मग कर भरणार कोण?" कुसुमनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, विचारलं.

"साहेब बघतील."

"अहो, पण आता तुम्हीच साहेब ना?"

यावर मी दुसरा संदेश तोंडात टाकला.

न कापलेले वरचे पैसे कुसुम देवामागच्या डब्यात ठेवी. लग्न होऊन कलकत्त्याला आल्यापासून तीन वर्षं ती माहेरी, सांगलीला, गेली नव्हती. वैशाखात तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. डब्यात दोघांचं भाडं आणि भावजयीची साडी जमली, कुसुम ट्रंक पुसू लागली आणि इन्कमटॅक्सची नोटीस आली. कर भरला असता तर डब्यात फक्त कुंकवाची पुडी उरली असती.

आमच्या वरच्या मजल्यावर देवधरकाका राहत. जन्म कलकत्त्याचा, धंदा हिशेब तपासण्याचा. नोटीस वाचून ते म्हणाले, "कागदावर काही असो. तू रोज दहाला जातो, त्याच्या टेबलावर बसतो, सुट्टी त्याला मागतो. तू नोकरच रे बाबा! कर कापायचं काम त्याचं होतं. ऑफिसरला एवढंच सांग. जास्त बोलू नकोस, तुला सवय आहे."

इन्कमटॅक्सच्या ऑफिसात जाताना बसमध्ये मी "मी नोकर, मी नोकर" असं घोकत होतो. शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले. कुसुम माझ्यासोबत आली होती. माझ्यावर तिचा तेव्हाही भरवसा नव्हता.

ऑफिसर चष्मेवाले, सज्जन. नोटीस समोर ठेवून त्यांनी बंगालीत पहिलाच प्रश्न केला, "आपनि चाकरी कोरेन?"

आता, बंगालीत चाकरी म्हणजे साधी नोकरी. कलकत्त्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण मला एवढ्या वर्षांत बंगालीतली फक्त माशांची नावं येत होती (आणि आम्ही मासे खात नव्हतो). मला आपलं मराठीतलं चाकरी ऐकू आलं. म्हणजे कुणाचे तरी पाय चेपणं! डोक्यात तिडीक गेली.

"चाकरी? मी? हमारे सात पिढी में किसीने किसीका चाकरी नहीं किया! हम किसीका चाकर नहीं है!"

ऑफिसर खूश झाले. असा सरळ माणूस त्यांनी पाहिला नसावा. त्यांनी कागदावर "स्वतंत्र व्यवसाय" असं लिहून खाली रेघ मारली.

"अहो, ते नोकरी विचारत होते," कुसुम हळूच म्हणाली.

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही मधे श्वास घेतलात का?"

मी लगेच बाजू पालटली. "साहेब, करता हूँ, चाकरी करता हूँ! रोज करता हूँ!"

"आत्ताच तुम्ही सात पिढ्यांची साक्ष दिलीत," ते हिंदीत म्हणाले. "सगळ्यांना खोटं पाडू?"

मग मात्र त्यांना दया आली. व्यवसाय आहे तर खर्च वजा होईल म्हणाले. खर्चातलं मला ओ की ठो ठाऊक नव्हतं. कुसुमनं पिशवीतून वाणसामानाची वही काढली. रविवारी घरी मी नकाशे काढायचो, त्याचे कागद, शाई, निबं, सगळं तिनं तांदूळ-डाळीच्या खाली लिहून ठेवलं होतं.

"आणि यांचे नकाशे शाईनं मी गिरवते. त्याचं काय?" तिनं बंगालीत विचारलं.

"पगार देतात?"

"नाही."

"मग वजा कसा करू, बौदी?" वहिनींना म्हणावं तसं ते म्हणाले.

कुसुमनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

शेवटी खर्च वजा जाऊन कर भरल्यावर डब्यात साडी आणि एकाचं भाडं वाचलं. मेव्हण्याच्या लग्नाला मी जाणार नव्हतो, तेही एका शब्दापायी. मला फार लाज वाटली. कुसुमनं मात्र पुन्हा ट्रंक पुसायला घेतली.

हावडा स्टेशनात टॅक्सीतून उतरताच हमाल धावत आला. "मेमसाब, सामान?"

"नको," कुसुम म्हणाली. "माझा माणूस आहे."

मी ट्रंक डोक्यावर घेतली. आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नव्हती, ती चाकरी त्या दिवशी सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. पगार एक पैसा नाही, त्यामुळे कर लागत नाही.