आश्रुबाचा जुना कॅट

पत्ते पिसताना आश्रुबा हसायचा. हरतानाही हसायचा. पण हरायचा क्वचितच.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. लिंबागणेशजवळच्या चारा छावणीत आम्ही जनावरं घेऊन राहत होतो. आश्रुबाच्या दोन गाई आणि दोन बैल, आमचे दोन बैल. एरवी हिवाळ्यात आश्रुबा आणि त्याची बायको कडूबाई ऊसतोडीला जायचे. त्या साली कारखाना सुरूच झाला नाही. मी मराठी घेऊन एम. ए. झालो होतो. नोकरी नव्हती, तरी छावणी मला मास्तर म्हणायची.

आश्रुबा पाणी आणायचा, शेण काढायचा आणि दुपारी लिंबाखाली पत्त्यांना बसायचा. कडूबाई त्याच्या मागेच बसून कोयत्यानं उसाचे तुकडे करायची. चार जनावरांचा चारा, रोज, हातानं. तिचं उजवं मनगट सुजलं होतं. फडकं बांधून ती काम करायची.

महिनाभर मी आश्रुबाचा जोडीदार होतो. खेळ मेंढीकोट. चार दश्श्यांपैकी तीन ज्या जोडीकडे, ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त, ते जिंकले. समोरच्याकडे काय आहे हे आश्रुबाला आधीच कळायचं. माझ्या मते तो अलौकिक होता. तसं मी त्याला सांगितलंही. तो फक्त हसला.

मग एक पत्रक आलं. एका सहकारी दूध संघाला पंचवीस वर्षं झाली होती. त्यानिमित्त बीडला बैठ्या खेळांचा मेळावा. कॅरम, बुद्धिबळ, पत्ते. मेंढीकोटच्या पहिल्या जोडीला चारा कापायची, हातानं फिरवायची कडबाकुट्टी.

मी मोठ्यानं वाचलं. कडूबाईचा कोयता थांबला.

"खरंच देत्यात का?"

"छापलंय, वैनी. माझा वाटाही तुम्हालाच."

"मंग घेऊनच या. रिकाम्या हातानं आलात तर दोघांनी ऊस तोडायचा. मी बसते लिंबाखाली."

मंगल कार्यालयात सोळा जोड्या होत्या. कडबाकुट्टी स्टेजवर होती. हिरवी, चाकाला हार घातलेली. आश्रुबानं जाऊन चाक एकदा फिरवलं. संयोजकांनी त्याला खाली पाठवलं.

टेबलावर कोरा कॅट फुटला. पत्ते वाटले. आश्रुबानं आपले पत्ते उचललेच नाहीत. त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

"मास्तर, हे सगळे सारखेच हायेत."

"सारखेच असतात, भाऊ."

"आपले कुठं हायेत? आपला इस्पिकचा एक्का शेळीनं खाल्लेला. चौकटच्या राणीवर चहा. किलवरची पंजी तर लग्नपत्रिका कापून केलेली."



"म्हणजे तुम्ही पाठीवरून ओळखत होता?"

"सगळेच ओळखत्यात. कावून, तू न्हाई ओळखत?"

महिनाभर छावणीत मी एकटाच पत्ते लपवून खेळत होतो.

तीन डावांची फेरी होती. पहिला डाव आम्ही सपशेल हरलो. मला कडूबाईचं मनगट दिसायला लागलं. दुसऱ्या डावात समोरच्यानं राजा टाकला आणि आश्रुबा ओरडला, "आरं!"

पंचांनी डोळे वटारले.

"ह्याच्याकडं राजा हाय हे मला ठावकीच नव्हतं!" आश्रुबा हसत सुटला. "ह्यांना बी आपलं काय ठाव न्हाई! कुणालाच काय दिसंना! लई भारी हाय की बे हे!"

मग त्याला थांबवणं अवघड झालं. पडलेला पत्ता तो छावणीतही विसरत नसे. इथंही विसरला नाही. पण प्रत्येक पत्त्याला तो असा दचकायचा, जसं काही पहिल्यांदाच बघतोय. समोरच्यांना वाटायचं हा बनाव आहे. ते घाबरून चुकत. आम्ही ती फेरी जिंकलो. पुढची जिंकली. त्याच्या पुढचीही. मीही उगाच हसायला लागलो होतो.

अंतिम फेरीत तेलगावचे विठ्ठलराव आणि धर्मराज. विठ्ठलराव सोसायटीचे निवृत्त सचिव. पांढरे कपडे, बोलणं नाही. पंचांनी बजावलं, "खुणा केल्या तर बाद."

एक डाव त्यांचा, एक आमचा. तिसऱ्यात आमच्या दोन दश्श्या, त्यांची एक. हात त्यांचे जास्त. चौथी दश्शी गेली की कडबाकुट्टी गेली.

दोन-दोन पत्ते उरले. हुकूम संपले होते. उतारी आश्रुबाची. चौथी दश्शी, इस्पिकची, माझ्या हातात होती. आश्रुबानं इस्पिक उतरलं तर मला तीच टाकावी लागणार, आणि विठ्ठलरावांचा एक्का ती उचलणार. त्यानं चौकट उतरलं तर मी ती त्याच्या पत्त्यावर सोडू शकत होतो. पण माझ्याकडे इस्पिकची दश्शी आहे की एक्का, हे त्याला कसं कळणार? एक्का आहे असं समजून त्यानं इस्पिक उतरलं की संपलं.

मी चेहरा दगडाचा केला. वर बघत राहिलो.

आश्रुबानं मला बराच वेळ न्याहाळलं. मग चौकटचा राजा टाकला. चौकटचा एक्का आधीच पडला होता.

दश्शी मी इतक्या जोरात आपटली की पंचांचा चहा सांडला. आश्रुबानं मला उचललं. मग धर्मराजला उचललं. विठ्ठलराव स्वतःहून मागं सरकले.

परतताना टेम्पोत आम्ही कडबाकुट्टीला धरून उभे होतो.

"भाऊ, दश्शी कशी कळली?"

"दश्शी आली की तू पंख्याकडं बघतो. एक्का आला की मिशीला हात लावतो. छावणीत पंखा न्हाई, तवा लिंबाकडं बघायचा." त्यानं चाकाला टिचकी मारली. "तुझं तोंड म्हंजे आपला जुना कॅट हाय."

छावणीत कडूबाईनं आधी पात्याला बोट लावून पाहिलं. मग ऊस घातला. आश्रुबा चाक फिरवू लागला. खसखस तुकडे पडले. गाई माना उंच करून बघत होत्या. बाजूच्या चार दावणींतले लोक आपापला ऊस घेऊन रांगेत उभे राहिले.

"थांबू नका," कडूबाई आश्रुबाला म्हणाली. मनगटावरचं फडकं तिनं सोडलं आणि लिंबाखाली माझ्यासमोर येऊन बसली.

"वाटा, मास्तर."

"वैनी, तुम्हाला येतं?"

"चार महिने ह्यांच्या पाठीमागं बसून काय करत होते मी?"

मी जुना कॅट वाटला. पत्ते उचलून छातीशी धरले. तिनं त्यांच्या पाठींवरून एकदा नजर फिरवली.

"बदामची दश्शी तुमच्याकडं हाय," ती म्हणाली. "लिंबाकडं बघायची गरज न्हाई."