कोनाड्यातलं माशाचं तेल

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी बंद केल्या आणि त्यांच्या जागी माशाचं तेल घ्यायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण मोबाइलनं.

आजार मोठ्या आतड्याचा. आतून सूज, व्रण, शौचाला रक्त. गोळी कायमची घ्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. गोळीनं मी बरा राहिलो आणि बरा राहिलो म्हणून मला गोळी नकोशी झाली. त्यातच एका व्हिडिओत एक गृहस्थ म्हणाले की माशाच्या तेलानं आतड्याची सूज उतरते, आणि निसर्गाचं असल्यानं अपाय नाही. हिंगोलीहून कॅप्सूलची बाटली घेऊन आलो.

अडचण एकच. गावच्या देवळातली पूजा आमच्या घराकडे. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात ओट्याखाली अंड्याचं टरफल दिसलं तरी बायको बादलीभर पाणी ओतते. मी बाटलीवरचा मासा ब्लेडनं खरवडून काढला आणि म्हणालो, "डॉक्टरांनी औषध बदललंय."

तिनं बाटली उजेडात धरली. "दिसतंय तर मधावानी," म्हणाली आणि देवघरातल्या कोनाड्यात ठेवून दिली. आमच्याकडे औषध देवाजवळच ठेवतात, गुण लवकर येतो म्हणून. बाळकृष्णाच्या शेजारी मासळी. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं ते कॅप्सूल घ्यायला.

रोज आरती झाली की ती तळहातावर तीर्थ द्यायची आणि पाठोपाठ कॅप्सूल. मग मासळीच्या वासाचा ढेकर यायचा. तो तिच्याकडे जाऊ नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून स्तोत्र पुटपुटत बसायचो. माझी भक्ती वाढली म्हणून ती खूश.

आणि रक्त परत आलं. मी सांगितलं नाही. आधी वाटलं, तेल आतली घाण काढून राहिलंय. व्हिडिओत तसंच होतं. मग पोटात पीळ पडायला लागला, आणि एके दिवशी नैवेद्य अर्ध्यावर टाकून गाभाऱ्यातून पळालो, तेव्हा लपवायला काही उरलं नाही.

डॉक्टरांकडे निघालो तेव्हा हिंगोलीच्या जीपमध्ये मी दाराशी बसलो. वाटेत गाडी थांबवावी लागली. मी तुरीच्या आड पळालो तसं ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "घाई करू नका काका, मी हॉर्न न्हाई वाजवत," म्हणाला. बायको पाण्याची बाटली मांडीवर धरून रस्त्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "औषध चालू आहे ना?"

मी उत्तर जुळवत होतो तोवर तीच बोलली. "रोज. मी सोता देवापासून उचलून देते. एक दिवस खंड न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नियमानं औषध घेऊनही आजार उसळला म्हणजे त्या औषधाचा उपयोग संपला, म्हणाले. आता प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं लागतील. जपावं लागेल, दुसरा संसर्ग पटकन होतो. आधी भरती व्हा.

बायकोनं पदर मुठीत धरला. "माझ्याच हातून घेऊन राहिले ते," ती हळूच म्हणाली. "माझंच सोवळ्यात काही चुकलं काय की."

इंजेक्शनाच्या नावानं मी घाबरलो होतोच, पण हे काही ऐकवेना.

"ते माशाचं तेल होतं," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन परत उचललं.

"आणि गोळी?"

"सोडली."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. "माशाच्या तेलानं हा आजार ताब्यात राहतो, असं पक्कं काही हाती नाही," ते म्हणाले. "घ्यायचंच होतं तर मला विचारून घ्यायचं, गोळीच्या जागी नाही. आता तपासण्या करू. जुनी गोळी परत लागू पडली तर तुमचं नशीब. शब्द देत नाही मी."

बाहेरच्या बाकावर तपासणीचं रक्त द्यायला नंबर लावून बसलो. ती मधे एक जागा सोडून बसली. मला देवाजवळ ठेवलेल्या मासळीचीच धास्ती.

"देव काही मनावर घेणार नाही गं," मी म्हणालो.

"देवाचं मी बघते," ती म्हणाली. "लोकं म्हणतेत, मासळी खाल्ली की डोकं चालतं. तुमचं होतं तेवढं बी बंद पडलं."